बाहेरच्या दिव्यांचा पर्यावरणावरचा भार: नुसते वॉट मोजून भागत नाही

कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघतो, तो कुणाला हवा असतो म्हणून नाही. हवा असतो तो माल. धूर त्याच्याबरोबर नाइलाजाने येतो. बाहेर लावायच्या दिव्यांचं तसं नाही. रस्त्यावरचा, आवारातला, मैदानावरचा किंवा भिंतीवरचा दिवा आपण उजेडासाठी घेतो, आणि तोच उजेड हव्या त्या जागेच्या चार हात पलीकडे गेला, किंवा गरज संपल्यावरही चालू राहिला, की प्रदूषण होतो. माल आणि मळी एकच, अशा वस्तू फार थोड्या असतात.

म्हणून दिव्याचा भार कमी करायचा म्हटलं की दोन हिशोब मांडावे लागतात. एक धातू, वीज आणि भंगाराचा. दुसरा खुद्द उजेडाचा. दिवे बनवणारे आणि घेणारे बहुतेक वेळा पहिल्यातच रमतात, आणि तोही अर्धाच मांडतात: आधी इतके वॉट होते, आता इतके झाले, बचत इतकी. विषय संपला. खरं तर तो तिथे सुरू होतो.

धातू आणि वीज

खनिज जमिनीतून निघतं तिथपासून वस्तू भंगारात जाते तिथपर्यंत काय काय खर्ची पडलं, हे मोजण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. ते कसं करायचं याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आयएसओ १४०४० आणि १४०४४. पूर्ण मूल्यमापन हे तज्ज्ञांचं काम, पण ढोबळ आकडेमोड कागदाच्या चिटोऱ्यावरही जमते.

रस्त्यावरचा १५० वॉटचा पिवळा सोडियम दिवा घ्या. चोकची वीज धरून तो १७० वॉटच्या आसपास खेचतो. वर्षाचे एकूण तास ८,७६०. त्यातले साधारण ४,००० तास दिवा जळतो असं धरू. म्हणजे वर्षाला ६८० युनिट. त्याच खांबावर ७० वॉटचा एलईडी बसवला तर २८० युनिट. चारशे युनिट वाचले, आणि हा फायदा खरा आहे, त्यात काही चलाखी नाही.

आता त्या एलईडी दिव्याचं अंग बघू. त्याचं ओतीव अल्युमिनियमचं घर पाच किलोचं आहे समजा. खनिजापासून नवं अल्युमिनियम काढताना, नुसत्या विद्युत विघटनाच्या टप्प्यावरच, किलोमागे १४-१५ युनिट वीज लागते. पाच किलोला पाऊणशे युनिट. बॉक्साइटवरची प्रक्रिया, ओतकाम, काच, चिप, रंग, वाहतूक यांच्यासाठी हा आकडा तिप्पट करा, तरी सव्वादोनशे. दिवा बारा वर्षं चालला तर तो जाळणार ३,३६० युनिट. बनवण्याचा वाटा वापराच्या तुलनेत लहान निघतो, आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या बहुतेक मूल्यमापनांत हेच चित्र दिसतं.

एवढ्यावरून ‘बनवण्याकडे बघायची गरज नाही’ असं म्हणणं घाईचं होईल. वीज जसजशी सूर्य-वाऱ्यापासून जास्त येऊ लागते, तसतसा युनिटमागचा कार्बन घटतो. दिवा रात्री मंद केला तर युनिटच कमी होतात. पण ओतलेल्या अल्युमिनियमचा भार आधीच होऊन गेलेला असतो. तो कमी होत नाही. त्यामुळे दिवा जितका काटकसरी, तितका त्याच्या धातूचा हिस्सा मोठा. जुनं अल्युमिनियम वितळवून वापरलं तर नव्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत काम होतं, म्हणून घर पुनर्वापराच्या धातूचं आहे का, हा प्रश्न पुढे जास्त वजनदार होणार.

आणि या सगळ्यात खांब कुणी मोजत नाही. आठ-दहा मीटरचा पोलादी खांब दिव्याच्या कित्येक पट जड असतो. झोतभट्टीत एक टन पोलाद तयार होताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर जस्ताचा मुलामा, खाली काँक्रीटचा पाया. नवे दिवे बसवताना ठीकठाक असलेले खांब ‘जुने दिसतात’ म्हणून काढून टाकले, तर विजेच्या बचतीतला बराचसा वाटा त्या पायातच गाडला जातो. जुन्या खांबांच्या अंतराला जुळेल अशी भिंग असलेला दिवा निवडणं हे नवे खांब उभे करण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं.

उजेडाचा हिशोब

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. गॅलियम नायट्राइडच्या चिपमधून साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश निघतो, आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा लेप त्यातल्या काही भागाचं पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवण्यासाठीच इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध मोठाच. पण बाहेरच्या दिव्यांच्या बाबतीत त्या उरलेल्या निळ्यातच अडचणीचं मूळ आहे.

हवेचे रेणू कमी लांबीच्या लहरी जास्त विखुरतात. दिवसा आकाश निळं दिसतं ते याच कारणाने. हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतं, त्यामुळे सोडियम दिव्याच्या ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या उजेडापेक्षा ४५० चा निळा उजेड स्वच्छ हवेत जवळजवळ तिप्पट विखुरतो. सोडियम काढून तितक्याच उजेडाचा थंड पांढरा एलईडी लावला, तर वीज वाचते आणि शहरावरचं आकाश आधीपेक्षा जास्त उजळतं. वॉटच्या हिशोबात ही गोष्ट कुठेच उमटत नाही.

मोजमाप काय सांगतं? उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचं कृत्रिम उजेडाचं क्षेत्र वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आकडा तसा सौम्य वाटतो. पण त्या उपग्रहाच्या रात्रीच्या संवेदकाला ५०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश दिसतच नाही. एलईडीचा निळा झोत त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. मग २०२३ मध्ये वेगळ्या वाटेने केलेलं काम प्रसिद्ध झालं: जगभरच्या सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ दरम्यान नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात याच्या नोंदी केल्या होत्या, पन्नास हजारांहून जास्त. त्यांतून निघालं की आकाशाची चमक वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत आहे. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरेक उरतील, असा त्या संशोधकांनी लावलेला हिशोब आहे.

कार्यक्षम दिवे वाढत असताना उजेड कसा वाढतो? विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल जे लिहिलं होतं तेच: इंजिनं कमी कोळशात चालू लागली की कोळसा वाचत नाही, इंजिनं वाढतात. दिवा स्वस्तात जळू लागला की एकाच्या जागी दोन लागतात, झाडांना माळा लागतात, कुंपणाच्या भिंतीवर पट्ट्या लागतात.

हा प्रश्न ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांपुरता आहे असं वाटत असेल, तर किडे बघा. दिव्याभोवती पतंग का घिरट्या घालतात, याचं उत्तर बराच काळ अंदाजानेच दिलं जायचं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांच्या उड्डाणाचे मार्ग टिपले. उडणारे कीटक वर कुठे आहे हे उजेडावरून ओळखतात आणि पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीही खुलं आकाश जमिनीपेक्षा उजळच असतं, त्यामुळे लाखो वर्षं हा हिशोब बरोबर आला. जवळ दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते, अंग कलतं, मार्ग वाकतो, आणि कीटक त्या फेऱ्यात अडकतो. म्हणजे त्याला दिव्याची ओढ नसते. तो फसलेला असतो.

परिणाम फक्त दिव्याखाली मरून पडणाऱ्यांपुरता नाही. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवरच्या प्रयोगात दिवे लावलेल्या भागात फुलांवर रात्री येणाऱ्या परागवाहकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या झुडपांच्या कुंपणांत, पथदिव्यांच्या उजेडाखाली पतंगांच्या अळ्या अंधाऱ्या भागांच्या तुलनेत ४७ टक्के कमी सापडल्या, आणि पांढऱ्या एलईडीखाली परिस्थिती सोडियमपेक्षा वाईट होती. समुद्रकाठी अंड्यातून बाहेर आलेली कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. तिथे दिवे असले तर समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात. झाडांचंही तसंच: दिव्याच्या अगदी जवळच्या फांद्यांची पानं पानगळीच्या ऋतूत उशिरा गळतात.

कुठे, किती, केव्हा, कोणत्या रंगाचा

उजेडाचा भार कमी करायचे उपाय फार अवघड नाहीत. त्यांतला पहिला, आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे दिशा.

शेताला पाणी सोडायचं आणि अर्धं बांधावरून ओढ्यात जाऊ द्यायचं, मग मोटार किती कमी विजेवर चालते याचं कौतुक करायचं, असा प्रकार बाहेरच्या दिव्यांत सर्रास चालतो. पांढरे गोल गोळे निम्मा उजेड आडवा आणि वर फेकतात. फुगीर काचेचे जुने पथदिवे कडेने गळतात. जाहिरातींचे फलक खालून वर उजळले जातात, जेव्हा तेच काम वरून खाली करता येतं. आणि आकाशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट उजेड सरळ वर जाणारा नसतो. क्षितिजाच्या जरा वर, शून्य ते दहा अंशांत निघालेला उजेड हवेतून सगळ्यात लांब प्रवास करतो आणि दूरदूरचं आकाश धूसर करतो.

सपाट काच असलेला, आडव्या रेषेच्या वर काहीच न सोडणारा दिवा घेतला तरी काम संपत नाही. तो बसवणाऱ्याने रस्त्याच्या पलीकडे उजेड पोचावा म्हणून वीस अंश उचलून घट्ट केला, तर माहितीपत्रकातला शून्य टक्के फक्त कागदावर राहतो. ‘हॅलोजन’ म्हणून ओळखले जाणारे भिंतीवरचे झोतदिवे तर जवळजवळ नेहमीच असे उचललेले सापडतात. फ्रान्सच्या २०१८ च्या नियमांत याची दखल आहे: दिव्याची वर जाणाऱ्या उजेडाची मर्यादा कारखान्यातल्या स्थितीसाठी एक टक्का आणि प्रत्यक्ष बसवल्यावर चार टक्के, अशी दोन्हीकडे वेगवेगळी घातली आहे.

तपासायला उपकरण लागत नाही. रात्री दिव्यापासून खांबाच्या उंचीच्या सहा-सात पट अंतरावर उभं राहा. तिथून दिव्यातले चमकते ठिपके डोळ्यांत टोचत असतील, तर तो उजेड जमिनीऐवजी तुमच्याकडे येतो आहे. चांगल्या दिव्याचा खालचा रस्ता दिसतो. दिवा स्वतः फारसा दिसत नाही.

इथेच ‘किती’चा प्रश्न येतो. जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं, असं सगळ्यांना वाटतं. पण डोळा फरकावर चालतो. दिव्याखाली ५० लक्स (जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि मधल्या भागात पाच, अशा रस्त्यावर त्या मधल्या भागात उभा माणूस दिसत नाही. सगळीकडे एकसारखे आठ-दहा लक्स असले तर दिसतो. तुलनेसाठी, पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर फार तर ०.३ लक्स देतो, आणि त्या उजेडात पायवाट नीट चालता येते. सुरक्षेच्या नावाखाली लावलेला डोळे दिपवणारा झोत त्याच्या मागची काळोखी जागा उलट जास्त लपवतो. मला विचाराल तर दरवाज्यावर झोतदिवा लावणाऱ्याने एकदा बाहेरून, येणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघावं.

शिवाय दिवा बसवताना तो पुढे मंद होणार म्हणून सुरुवातीलाच जास्त उजेडाचा घेतला जातो. वर्षानुवर्षं हा जादा उजेड फुकट जळतो. यावर ड्रायव्हरमध्येच, म्हणजे चिपला योग्य वीज पुरवणाऱ्या दिव्यातल्या भागातच, सोय करता येते: सुरुवातीला चिपला कमी करंट द्यायचा आणि ती जसजशी मंदावेल तसा हळूहळू वाढवायचा, म्हणजे उजेड पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सारखा राहतो. मागणीपत्रात एक ओळ घालण्याचं काम आहे, पण ती ओळ फारशी कुणी घालत नाही.

‘केव्हा’ हा एलईडीचा खरा हुकमी पत्ता. सोडियमचा दिवा पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं घ्यायचा, आणि गरम असताना बंद केला तर थंड होईपर्यंत पुन्हा लागायचा नाही. त्यामुळे रात्रभर चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एलईडी क्षणात लागतो, क्षणात मंद होतो, आणि मंद चालल्याने थंड राहून जास्त टिकतो. आपला ७० वॉटचा दिवा रात्रीच्या ११ तासांपैकी सहा तास निम्म्यावर आणला, तर वर्षाचे २८० युनिट साधारण २०० वर येतात, आणि नवीन काहीच विकत घ्यावं लागत नाही. कमी वर्दळीच्या जागी सेन्सर लावून याहून खाली जाता येतं. तरीही एलईडी बसवून रात्रभर पूर्ण जोरात जाळणं हेच सर्रास चालतं.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात पथदिवे मध्यरात्रीनंतर मंद केले जातात. तिथे काही रात्री दिव्यांचं तेज मुद्दाम बदलून उपग्रहातून मोजमाप करण्यात आलं, आणि निष्कर्ष थोडा अनपेक्षित होता: मध्यरात्रीनंतर अवकाशातून दिसणाऱ्या शहराच्या उजेडात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी होता. बाकीचा सगळा उजेड दुकानं, फलक, वाहनतळ, मैदानं आणि घरांचा. पालिकेने दिवे बदलले की काम झालं, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. जितका कमी तितका उजेड पिवळट आणि निळा भाग कमी. ४,००० किंवा ६,५०० केल्विनचे दिवे बाहेर लावण्याला पूर्वी एक कारण होतं: त्याच विजेत ते बराच जास्त उजेड द्यायचे. आता हा फरक किरकोळ उरला आहे. फ्रान्सने ३,००० ची मर्यादा घातली आहे. माझ्या मते साध्या वस्तीतल्या रस्त्याला २,२०० ते २,७०० पुरेसं आहे. कासवांचे किनारे किंवा वेधशाळांच्या आसपास त्याहून पुढे जाऊन ५६० नॅनोमीटरच्या वरच्याच लहरी देणारा अंबर एलईडी लावतात. २००१ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणारं, शहर ठरलेल्या अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफने हीच वाट धरली. अंबर उजेडात रंग ओळखू येत नाहीत, हा त्याचा तोटा, आणि कुठे तो परवडतो कुठे नाही हे जागेवर ठरवावं लागतं.

दिवा उघडतो का?

आता पुन्हा धातूकडे. ‘५०,००० तास’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतात. ४,००० तासांच्या हिशोबाने हे बारा वर्षांहून जास्त. मग तीन-चार वर्षांत इतके दिवे बंद का पडतात?

कारण तो आकडा दिव्याचा नसतो, चिपचा असतो. प्रयोगशाळेत एलईडीच्या चिपा ठरावीक तापमानाला किमान ६,००० तास जाळतात, त्यांचं तेज किती उतरलं ते मोजतात, आणि त्यावरून पुढचा अंदाज काढतात. अंदाज फार लांब ताणू नये म्हणून मर्यादाही आहे: चाचणीच्या तासांच्या जास्तीत जास्त सहापट. आयुष्य संपलं म्हणजे चिप विझली असंही नाही. तेज मूळच्या सत्तर टक्क्यांवर आलं की आयुष्य संपलं असं मानतात. या सगळ्यात ड्रायव्हर, गॅस्केट (पाणी अडवणारी कडेची पट्टी), सोल्डर आणि जोडण्या यांची चाचणी कुठेच नाही.

आणि मरतो तो बहुधा ड्रायव्हरच. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. विजांच्या गडगडाटात तारेवरून येणारा झटका तो वेगळाच. झटका झेलणारं संरक्षक उपकरण वेगळं बसवलं असेल तर तेवढं बदलून भागतं.

दोन दिवे शेजारी ठेवून उघडून बघितले की फरक कळतो. पहिल्याला वर एक खटका आहे, तो दाबला की झाकण बिजागरीवर उभं राहतं. आत ड्रायव्हर एका पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला, तारा खटक्याच्या जोडणीत. एलईडीची पट्टी मागच्या धातूला स्क्रूने घट्ट, मध्ये उष्णता वाहून नेणारी पातळ चकती. कडेला सिलिकॉनचं गॅस्केट, काढून पुन्हा बसवता येईल असं. शिडीवर उभा वायरमन दहा मिनिटांत ड्रायव्हर बदलून खाली येतो. दुसऱ्याची काच घराला चिकटवलेली आहे. उघडायची तर फोडायची. आत ड्रायव्हर काळ्या राळेत ओतून गाडलेला. मूठभर मालाचा भाग जळला की सहा किलोचा दिवा भंगारात.

दोन्ही दिव्यांचे वॉट सारखेच असू शकतात, पाणी-धूळरोधकतेचा आयपी ६६ हा शिक्काही. कागदावर त्यांच्यात फरक करता येत नाही, म्हणून मागणीपत्रातच विचारावं लागतं: ड्रायव्हर आणि एलईडीची पट्टी साध्या अवजारांनी, दिव्याला इजा न करता निघते का, आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील? युरोपीय संघाने २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत भाग असे निघावेत ही अट आहे, तांत्रिक कारणांची सूट ठेवून. सेन्सर आणि नियंत्रक कुठल्याही कंपनीचा बसावा म्हणून झागा या संघटनेने ठरवलेलं प्रमाणित सॉकेटही आहे. दिव्यावर ते आधीपासून असलं, तर पुढे मंद करायची यंत्रणा बदलायला दिवा बदलावा लागत नाही.

रंग, पॅकिंग आणि बोटीने होणारी वाहतूक यांचा वाटा त्यामानाने लहान. पावडर कोटिंगमध्ये द्रावक नसतात, म्हणून ते बरं. पॉलिकार्बोनेटची झाकणं उन्हाने पिवळी पडतात आणि उजेड खातात. काच जड, पण तिच्यावर उन्हाचा परिणाम होत नाही. एवढं पुरे.

सौर दिवा: अर्धवट समजलेला पर्याय

सौर दिव्याला वीज लागत नाही, म्हणजे त्याचा भार शून्य, हा समज फार पसरला आहे. वापराचा भार शून्य झाला की उरलेला शंभर टक्के भार वस्तू बनवण्याचा असतो. मग ती किती टिकते एवढाच प्रश्न उरतो.

बागेत खोचायचे छोटे सौर दिवे या कसोटीवर साफ नापास होतात. आत एक छोटी बॅटरी, बऱ्याचदा बदलता न येणारी. पाणी शिरतं, पॅनेलवरचं प्लास्टिक धुरकटतं, आणि दोनेक वर्षांत पॅनेल, बॅटरी, चिप आणि प्लास्टिक यांचं एकत्र कडबोळं कचऱ्यात जातं. त्यापेक्षा तारेवरचा एक लहान दिवा बरा.

जिथे वीज न्यायला शेकडो मीटर तांब्याची केबल टाकावी लागेल, तिथे मात्र सौर पथदिवा खरोखर योग्य. तिथे बघायचं ते बॅटरीचं रसायन. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी रोजच्या चार्ज-डिस्चार्जची हजारो आवर्तनं सोसते, शिशाची त्याहून खूपच कमी. शिसं पुन्हा वापरता येतं हे खरं, पण उघड्यावर बॅटऱ्या फोडून ते वितळवलं जातं तिथली माती आणि तिथल्या मुलांचं रक्त विषारी होतं. आणि दिवा रात्री मंद होणारा असेल तर पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लहान लागतात. मंद करण्याचा फायदा इथे थेट किलोंमध्ये दिसतो.

आहेत त्या दिव्यांचं काय?

सगळेच दिवे बदलायला निघालो तर चालू माल भंगारात घालण्याचा दोष माथी येईल. पुष्कळ काम न बदलता होतं. उचललेला दिवा सैल करून आडवा करायचा. शेजारच्या खिडकीत जाणाऱ्या बाजूला पत्र्याची आड लावायची. टायमर बसवायचा. फलकाचा दिवा दुकान बंद झाल्यावर बंद. आणि दर दिव्यामागे एकदा विचारायचं, की हा नसता तर कुणाचं काय अडलं असतं? काही दिव्यांच्या बाबतीत उत्तर ‘कुणाचंच नाही’ असं येतं, आणि तो दिवा काढून दुसऱ्याचा सुटा भाग म्हणून ठेवता येतो.

जे जुने दिवे खरोखर काढायचे आहेत, त्यांत सांभाळून राहायचं ते पाऱ्यापासून. मर्क्युरी दिव्यात तो असतोच, पण सोडियमच्या दिव्यातही थोडा असतो, हे पुष्कळ वायरमनना माहीत नसतं. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराने सर्वसाधारण उजेडासाठीचे उच्च दाबाचे मर्क्युरी दिवे बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायचं ठरवलं, तरी खांबांवर आणि गोदामांत ते अजून सापडतात. ते फोडून पोत्यात भरले की पारा तिथेच सुटतो. बल्ब अख्खे, वेगळ्या खोक्यात ठेवून अधिकृत पुनर्प्रक्रियेला द्यायचे. अल्युमिनियमची घरं, चोकमधलं तांबं आणि लोखंड वेगळं काढलं तर भंगारवाला आपणहून नेतो. नव्या दिव्यांच्या करारातच जुने दिवे पुरवठादाराने नग मोजून परत न्यावेत आणि पुनर्प्रक्रिया झाल्याचा कागद दिल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये, असं लिहून घेतलं तर हे काम होतं. तसं लिहिलं नसेल तर ते बल्ब कुठे जातात हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.